एक उलट टाका

आमचे हे म्हणजे भडक माथ्याचे. भडगावात सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर लवकर सापडलं नाही की पान्हा थेट रस्त्यावर फेकायचे. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून बजावलं, "बिडी सोडा, नाहीतर नातवंडाचं तोंड बघायला राहणार नाही." आमची बेबा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ह्यांनी बिडी सोडली, पण हात स्वस्थ बसेनात. एक दिवस माझ्या हातातली बाळाच्या स्वेटरची लोकर आणि सुया ओढून घेतल्या नि म्हणाले, "शिकाड."

शेजारची कलाबाई हसून हसून बेजार. "नथ्थूभाऊ, बाळंतीन कोन शे, तुम्ही का बेबा?"

पण हे विणत बसले. टाके सुटायचे, वाढायचे, स्वेटरची पार पिशवी व्हायची. मग सगळं उसवायचं. उसवलं की दारात जाऊन समोरच्या पान-बिडीच्या टपरीकडे बघत उभे राहायचे, आणि माझा जीव टांगणीला. एक झुरका घेतला की संपलं, हे मला ठाऊक होतं.

शेवटी स्वेटरची पाठ खांद्यापर्यंत आली. तेव्हा दिसलं, खाली कमरेजवळ सगळ्या सुलट टाक्यांत एक उलट पडला होता.

"ऱ्हाऊ द्या. कोनले दिसस?" मी म्हणाले.

"माले दिसस."

उठले आणि टपरीच्याच बाजूने गेले. मी कपाळाला हात लावला. परत आले ते दुकानातून सायकलचा एक स्पोक घेऊन, टोक वाकवून आकडा केलेला. बसले, आणि त्या चुकीच्या बरोबर वरचा एकच टाका सुईवरून सोडून दिला! तो सर्रकन उसवत खाली गेला.

"अहो, बठ्ठं उसवी जाई!" मी ओरडले.

त्यांनी मानही वर केली नाही. आकड्याने तो टाका सुलट धरला, वरचा दोरा त्यातून ओढून घेतला, मग त्याच्या वरचा. पान्हा फेकणारी ती काळी पडलेली बोटं एकेक पायरी चढत होती. मी बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाजवळ एवढा धीर आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं. माझे हात आपोआप जुळले.

टाका सुईवर चढला. मी बोट फिरवून पाहिलं. चूक कुठे होती ते सापडेना.

"वाटमा टपरी व्हती. बिडी नही याद उनी?" मी भीत भीत विचारलं.

ते चमकले. "नही व. ध्यानमाच नही ऱ्हायनं," म्हणाले, आणि आपल्याच हातांकडे बघत बसले.