तीस पेल्यांचा ट्रे

मी प्रभुभोजनाचा ट्रे बोलतोय. या, बसा. जन्म जालन्याचा, राधेश्यामशेठच्या भांड्यांच्या दुकानातला. त्यामुळे माणूस दिसला की आधी 'या, बसा' तोंडात येतं. एरवी मी चकचकीत स्टील. आज मात्र काउंटरवर पालथा पडलोय, अन् तेच बरं आहे.

माझ्या वरच्या पत्र्याला भोकं आहेत. त्यांत चिमुकले पेले बसतात, पेल्यांत द्राक्षरस. येशूनं आपल्यासाठी रक्त सांडलं, याची आठवण म्हणून चर्चमध्ये प्रत्येकाला एक पेला देतात. तेच प्रभुभोजन.

ही भोकं किती पाडायची, यावरूनच दुकानात जुंपली होती. बदनापूरकडच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आणि तिथला कारभार बघणारे जुने जाणते शांतवनराव मला बनवून घ्यायला आले होते.

"तीस पाडा," शांतवनराव म्हणाले. "आमचे सभासद तेवढेच."

"चाळीस पाडा," पाळकसाहेब म्हणाले. "पापातून तारण सगळ्यांसाठी हाय. नवं कोणी आलं तर?"

"देवानं ज्यांना निवडलं त्यांच्यासाठीच प्रभू मेला, साहेब. सगळ्यांसाठी मेला म्हणलं अन् निम्मे नरकात गेले, तर मंग त्याचं रक्त वाया गेलं का?"

"अन् सगळ्यांना या या म्हणून आतून कडी लावायची? असलं बोलावणं देव करंल का?"

राधेश्यामशेठ बशीतला चहा फुंकत हसले. "माझ्या पोरीच्या लग्नात पत्रिका मोजून पानं वाढली असती, तर व्याह्यानं मला मांडवातच सोलला असता. तुमचं तुम्ही बघा बुवा."

पण शांतवनराव जुने, पाळकसाहेब नवे. तीसच पडली. मलाही तेव्हा बरं वाटलं. मोजका माल, ठरलेलं गिऱ्हाईक. दुकानात वाढलेल्या भांड्याला आणखी काय पाहिजे?

शांतवनरावांचा धाकटा भाऊ भिवा दारूपायी मंडळीतून काढलेला होता. "तो निवडलेल्यांतला नव्हताच," असं शांतवनराव सांगायचे. यंदा ईस्टरला तो आला. दारू सुटली होती, पण उशिरा. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, एक हात बायकोच्या, साळूबाईच्या खांद्यावर. शेवटच्या बाकावर बसला.

शांतवनराव मला घेऊन बाकाबाकानं फिरले. वाटणाऱ्यानं सगळ्यांच्या मागून प्यायचं, ही तिथली रीत. भिवापाशी पोचलो तेव्हा माझ्यात एकच पेला उरला होता, खुद्द शांतवनरावांचा.

भिवानं हात पुढे केला. शांतवनरावांनी त्या पेल्यावर अंगठा ठेवला.

भिवानं बघितलं. पुढे केलेलं बोट त्यानं माझ्या एका रिकाम्या भोकाच्या कडेवरून हळूच फिरवलं. "बराबर हाय, दादा. माझं भोकच न्हाई यात."

"उठा," साळूबाई म्हणाली. "घरी जाऊ."

तेव्हा हातातून निसटून पडलो असतो तर बरं झालं असतं. पण शांतवनरावांनी मला फार घट्ट धरलं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाआधीच भिवा गेला. माती देताना साळूबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तुम्ही जाणते. सांगा, माझा माणूस आत गेला का बाहेर राह्यला?" एरवी कुठल्याही प्रश्नाला बायबलातलं वचन काढून दाखवणारे शांतवनराव, मूठभर माती हातात तशीच धरून उभे राहिले.

आज ते एकटेच मला घेऊन दुकानात आलेत.

"भोकं वाढवायचीत, शेठ."

"वाढवू की. पत्र्यात जागा हाय. किती?"

 शांतवनरावांच्या समोरच्या चहावर साय धरली.

"भिवाचं एक पाडा," शेवटी ते म्हणाले.

"अन् बाकीची?"

"ते मला सांगता येत न्हाई."

राधेश्यामशेठ ड्रिल हातात घेऊन थांबलेत. मी पालथाच आहे. भिवाचं बोट फिरलं ती कड अजून जळतेय, तोंड वर करवत नाही. पण शेठ, तुमच्याच घरचा म्हणून एक मागणं आहे. आकडा विचारू नका. पाडत चला. जागा संपली तर दुसरा पत्रा जोडा.