चक्रातली अक्षत

आश्विनातलं ऊन. धुतलेलं, निथळलेलं, सुवर्णझळाळ ऊन. पावसाळाभर गढुळलेल्या मुंबईच्या समुद्राने नुकतीच नीलिमा पांघरली होती, आणि त्या नीलवर्ण, चंचल जलराशीवर ऊन तुकड्यातुकड्यांनी नाचत होतं. लाट उठे आणि मोडे, उठे आणि मोडे. दसऱ्याची सकाळ होती.

त्या उन्हातून एक राखाडी युद्धनौका संथ चालली होती. धूम्रकेशा, लोहवक्षा, मौनमुखी. तिच्या डेकवर, टॉर्पेडो सोडायच्या नळीपाशी सुभाना तोडणकर उभा होता. मूळचा रत्नागिरीकडचा, गोदीतल्या टॉर्पेडोच्या कारखान्यातला जुना फिटर. घरी सण, दारी तोरण. पण गोऱ्या साहेबाच्या पंचांगात कुठला आलाय दसरा? चाचणी आजच ठरली होती.

टॉर्पेडोला गोदीतली माणसं मासा म्हणत. पोलादी, तैलस्निग्ध, निर्नेत्र मासा. आजचा चाचणीचा, पोटात दारू नसलेला. पण दारू नसली म्हणून काय झालं? एवढं धूड वेगात येऊन आदळलं तर होडी नारळासारखी फुटायची. या आंधळ्याला वाट दाखवी ते एक चक्र, जायरो. कडीत कडी, तिच्यात कडी, आणि मधोमध गरगर गरगर फिरणारं पितळी चक्र. ते मोकळं फिरलं तर मासा सरळ. अडखळलं तर कुणीकडे वळेल ते देव जाणे. हे चक्र सुभाना पोटच्या पोरासारखं जपायचा.

आणि जपायचा म्हणूनच घोटाळा झाला.

काल खंडेनवमी. कारखान्यात झेंडूचा पीतवर्ण उत्सव, उदबत्त्यांची निळी वलयं, हातोड्यांना गंध, कानशींना कुंकू. सुभानाने चक्र बाहेर काढून पाटावर ठेवलं आणि मूठभर कुंकवाच्या अक्षता वरून वाहिल्या. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार हलवायचं नाही, चालवायचं नाही. त्यालाही विश्रांती हवी. मग चक्र फिरवून कसं बघणार? सकाळी बघू म्हणाला. सकाळी साहेबाने घाई केली. सुभानाने दोन फुंकरा मारल्या, फडकं फिरवलं आणि चक्र माशाच्या पोटात बसवलं.

आता, मासा नळीत गेल्यावर, त्याचं लक्ष हातातल्या पेचकसाकडे गेलं. मुठीच्या खाचेत एक लाल तांदूळ चिकटला होता. एवढं पुसूनही चिकटलेला. सुभानाने तो नखाने खरवडला. इथे राहिला, तर तिथे का नसेल राहिला?

त्याने समोर पाहिलं. दूर, झळाळत्या पाण्यावर एक होडी डुलत होती. धाव संपली की मासा नाक वर काढून तरंगतो. मग होडीवाल्यांनी त्याला दोर लावून आणायचा. त्या होडीचा तांडेल गुणाजी, सुभानाचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा गुणाजी रांगत होता. याच्याच हातचा घास खाऊन वाढला.

सांगावं. वर जाऊन सांगावं, थांबा, चक्र पुन्हा बघू द्या.

पण सांगायचं काय? गेल्या वर्षी एका झडपेत कुंकू सापडलं तेव्हा साहेबाने तंबी दिली होती. फुलं-तांदूळ टेबलावर ठेवा, यंत्रावर नाही. पुन्हा दिसलं तर पूजा सगळ्यांचीच बंद, आणि करणारा फाटकाबाहेर. तेव्हा सगळ्यांच्या वतीने शब्द दिला होता सुभानानेच. आणि मोडला कुणी? त्यानेच.

तो शिडीपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. सांगावं. नको. नसेलच काही, उगाच मनाचे खेळ. सांगावं. लाट उठे आणि मोडे, उठे आणि मोडे, आणि त्याच्या ओठांवर आलेला शब्द तिच्यासारखाच आतल्या आत मोडून जाई. वर ब्रिजवर, साहेबाच्या उंच मजल्यावर, यंत्रांची लगबग चालली होती. लांबोळकी दुर्बीण अंतर मोजत होती, तबकड्यांवर काटे सरकत होते, बोलनळ्यांतून आकडे खाली उतरत होते. मग आकडे थांबले.

नळी खोकली. मासा उडाला, पाण्यात शिरला, आणि निळाईवर एक शुभ्र रेषा उमटू लागली. सरळ. सरळ. सुभानाने श्वास सोडला. आणि रेषा कलली. आधी जराशी, मग स्पष्ट, मग निर्लज्जपणे, होडीच्या दिशेने.

आता सुभानाच्या गळ्यातून आवाज फुटला. नाव घेतलं त्याने भावाचं. वाऱ्याने ते नाव उचललं आणि भलतीकडेच टाकलं. दूर गुणाजी उभा राहिलेला दिसला, वल्ह्यावर सारा भार घालून होडी वळवताना. रेषा होडीला चाटून गेली. होडी कलंडली, पाणी प्याली, सावरली.

ब्रिजवर साहेब तबकडीवाल्या गोऱ्या पोरावर डाफरत होता. काटा चुकला, नेम चुकला. चक्राचं नावही कुणी घेतलं नाही.

मासा ओढून आणला, डेकवर चढवला. सुभानाने पोटाचं झाकण उघडलं. कडीच्या सांध्यात ती होती. अर्धी दळलेली, तेलाने काळवंडलेली, तरीही लाल. एक अक्षत. त्याने ती मुठीत घेतली आणि मूठ मिटली.

तेवढ्यात भिजलेला गुणाजी शिडी चढून हसत आला. कमरेला खोचलेली आपट्याची पानं त्याने काढली.

"संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय? घे दादा, सोनं घे."

पान सुभानाच्या डाव्या हातात ठेवून तो पायाशी वाकला. "वर नेम चुकला म्हणे. पण तुझ्या हातचं चक्र होतं, म्हणून वाचलो बघ. दुसऱ्या कुणाचं असतं तर आज वहिनीला माझी वाट बघत बसायला लागलं असतं."

वाकलेल्या डोक्यावर वडीलधाऱ्याने अक्षता टाकायच्या असतात. सुभानाचा उजवा हात उचलला गेला. मुठीत अक्षत होती. हात खाली येईना.

"ऊठ," तो म्हणाला. गुणाजी उठला. सुभानाने मूठ उघडली. "चक्रात होती. मासा सुटायच्या आधीच मला शंका आली होती. मी बोललो नाही."

गुणाजीने तळहाताकडे पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडे. मग वर, जिथे साहेब अजून डाफरत होता. हसू त्याच्या ओठांवरून हळूहळू उतरलं.

त्याने दोन बोटांनी ती अक्षत उचलली आणि कठड्यापलीकडे समुद्रात टाकली. आता साहेबाला काही सापडणार नव्हतं.

"नोकरी सांभाळ, दादा," तो म्हणाला. पुन्हा वाकला नाही. शिडी उतरला आणि होडीत बसला.

वल्ही पडू लागली. सुभाना कठड्याशी उभा राहिला, डाव्या हातात हिरवं सोनं, उजवा हात अजून अर्धा उचललेला. होडी सरळ चालली होती. सरळ, सरळ, किनाऱ्याकडे. आणि मागे वळून कुणी पाहत नव्हतं. लाट उठे आणि मोडे, उठे आणि मोडे.