चर्चच्या आवारातल्या मधमाश्या

"स्मशानात कुणी लेकरू नेतं का गं?" आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बाबागाडीचा दांडा धरून विचारलं. नातीला बघायला त्या नुकत्याच पुण्याहून इथे जर्मनीत आल्या होत्या.

"आई, इथे ते बागेसारखं असतं. लोक बाकावर बसून सँडविच खातात."

"कबरींमध्ये?"

"कबरींमध्ये."

"धन्य आहे. सिद्धेश, सांग हिला काहीतरी."

"चला, माझी बस आली," म्हणत माझा नवरा वाल्डॉर्फच्या ऑफिसला पळाला. मी दांडा सोडवून घेतला आणि निघाले.

गावातल्या चर्चभोवतीच्या त्या दफनभूमीत मी रोज जायची, कारण माझी लेक ईप्सिता तिथल्या खडीच्या करकरीवरच झोपायची. झोपली की तिची मूठ हळूहळू उघडे, आणि तेवढा वेळ माझा. तिथेच फ्राउ क्नोल भेटल्या, निवृत्त शिक्षिका. आवारात काय काय जगतं याची गावातली काही मंडळी नोंद ठेवत: पक्षी, शेवाळं, वटवाघळं. "तुम्ही रोज येताच, तर दक्षिणेचा कोपरा तुमचा," त्या म्हणाल्या. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला दूध आणि लंगोटांपलीकडचं काम दिलं होतं.

त्या कोपऱ्यातल्या कबरींची मुदत संपली होती. इथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते. नंतर दगडही उचलतात. मागे उरली होती उघडी वाळू. एप्रिलचं ऊन लागलं आणि वाळूत पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसू लागली. त्यांतून राखाडी, केसाळ मधमाश्या ये-जा करायच्या, मागच्या पायांना पिवळे पराग चिकटलेले. यांचं पोळं नसतं, राणी नसते. प्रत्येक आई एकटीच बीळ खणते, लेकरासाठी परागाचा गोळा ठेवते, अंडं घालते आणि वरून माती लोटते. पुढच्या वसंतापर्यंत लेकरं खालीच. मी गुडघ्यांवर बसून बघायची, फोटो काढायची, मागे गाडीत ईप्सिता घोरायची.

मग एका सकाळी फ्राउ क्नोल घाईघाईने आल्या. चर्चच्या समितीने त्या वाळूवर फरशी घालायचं ठरवलं होतं. शुक्रवारीच.

"का पण?"

"मुलांच्या सुरक्षिततेसाठी. माश्या चावतील म्हणे."

"कुठल्या मुलांच्या?"

त्यांनी चष्म्यावरून गाडीकडे पाहिलं. "या आवारात येणारं मूल एकच आहे."

माझं डोकंच फिरलं. घरीही तिच्या नावाने मला अडवायचं, इथेही तिच्याच नावाने! फ्राउ क्नोलनी माझ्या नोंदी आणि फोटो निसर्गसंरक्षण कार्यालयाला पाठवले होते, पण उत्तर आलं नव्हतं. एकदा फरशी बसली की उत्तराचा काय उपयोग?

शुक्रवारी मी ईप्सिताला घेऊन निघाले. आई अख्ख्या रस्त्याने बडबडत मागे आल्या आणि फाटकाशी थांबल्या. "मी आत पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते!"

आत फरश्यांची गाडी उभी होती. समितीचे अध्यक्ष हेर ब्रेनर मजुरांना जागा दाखवत होते, फ्राउ क्नोल बाजूला उभ्या होत्या. मी भोकं चुकवून वाळूच्या कडेला मांडी घातली, ईप्सिताचे मोजे काढले आणि तिला मांडीवर घेतलं. नुकतीच बसायला लागली होती ती. तिने वाळूत पाय खुपसले आणि खुदकन हसली. भोवती जमिनीलगत माश्या घोंघावत होत्या.

"उठा! चावतील तिला!" ब्रेनर ओरडले.

"हे घिरट्या घालतायत ते नर. त्यांना नांगीच नसते. आणि माद्यांना काम आहे."

"आई असून एवढंही कळत नाही तुम्हाला?"

फाटकातून आवाज आला, "काय म्हणतोय गं तो?"

"म्हणतोय, आई असून मला कळत नाही!"

"कळत नाही?" आईंनी पदर खोचला. "हिला कळत नाही असं म्हणायला मी आहे! हा कोण टिकोजी? विचार त्याला, किती पोरं न्हाऊमाखू घातलीस म्हणावं!"

"त्या काय म्हणतात?" ब्रेनरनी जरा दबकून विचारलं.

"विचारतायत, तुम्ही किती मुलांना आंघोळ घातलीत?"

फ्राउ क्नोलनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"चावली तर जबाबदार कोण?" ब्रेनर म्हणाले.

"मी. तिची आई. फरशी घालायची तर घाला, पण कारण दुसरं शोधा. माझ्या लेकीचं नाव त्यावर लावायचं नाही."

एक माशी ईप्सिताच्या अंगठ्याजवळ उतरली, क्षणभर थबकली आणि शेजारच्या भोकात शिरली. मजूर पुढे येऊन वाकून बघू लागले.

"ठीक आहे," ब्रेनर शेवटी म्हणाले. "कार्यालयाचं उत्तर येईपर्यंत थांबू. पण ते फरशीच्या बाजूने आलं तर?"

"तर मी पुन्हा येऊन बसेन," मी ईप्सिताच्या तळव्यावरची वाळू फुंकत म्हटलं. "आणि तोवर ही रांगायला लागलेली असेल. तेव्हा दोघींना उठवावं लागेल."