पाच आठवडे

मिरजेच्या दवाखान्यांत मुहूर्त काढून बाळंतीण आणणारी माणसं काही कमी नाहीत. सुंदरी सिस्टरनं तिथल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळं तिनं अशी घराणी ढिगानं पाहिली. सासरा पंचांग काखेत मारून यायचा आणि म्हणायचा, साडेदहा ते अकराच्या आत पोट उघडा. सिस्टर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. "पंचांग आणलंत, बरं केलंत. दुपटी आणलीत का? बाळाला पंचांग वाचता येत नाही, थंडी मात्र वाजते." तिच्या तोंडी लागायची डॉक्टरांचीही छाती नव्हती. पहिली सात-आठ वर्षं ती असलं काही बोलत नसे, नुसती गालात हसायची. मग एकाएकी का बोलायला लागली, हे तिला कुणी कधी विचारलं नाही.

आता ती निवृत्त झाली होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि एकुलती एक लेक ब्राह्मी न्यू जर्सीत पोटुशी होती. जावई जिनेश आष्ट्याच्या बाहुबली अण्णांचा मुलगा, तिकडं कंपनीत, नोकरीच्या व्हिसावर. तारीख मार्चची चोवीस. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय सांगायला हवं? पण ब्राह्मी इकडं आली तर परत जाताना व्हिसा अडकायची धास्ती, आणि सुंदरीनं तिकडं जायचं म्हटलं तर मुंबईत मुलाखतीची तारीखच पुढच्या वर्षाची मिळालेली. तेव्हा माहेर मिरजेत, बाळंतीण अमेरिकेत, आणि डिंकाचा डबा कपाटात, असा सगळा कारभार होता.

त्यात वीस जानेवारीला तिकडं नवा हुकूम निघाला. तीस दिवसांनंतर जन्मलेल्या मुलांचे आईबाप नुसत्या व्हिसावर असले, तर मूल अमेरिकेत जन्मूनही अमेरिकेचं नागरिक नाही. बातमी आष्ट्याला पोहोचायला अर्धा दिवसही लागला नाही. अण्णांचं खता-बियाणांचं दुकान म्हणजे गावाचं दुसरं वाचनालय, तिथं युरियापेक्षा पेपर जास्त खपतो.

"पोरगं धा वर्सं राबतंय तितं," अण्णा गल्ल्यावर पेपर आपटून म्हणाले. "कर घेताना त्यास्नी व्हिसा दिसत न्हाई. पोर व्हायची वेळ आली की दिसतोय व्हय?"

जोतिबा सुभेदार समोर बाकावर बसले होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, कुणाचीही भीडभाड ठेवत नाही. "अण्णा, घर त्यांचं, दार त्यांचं. आपल्याकडं तरी नुसतं हितं जन्मलं म्हनून कोन नागरिक हुतंय? आपला कायदाबी आई-बाप बघतोयच की."

"आमी काय कुंपन तोडून गेलो व्हय? रीतसर लायनीत हुबं ऱ्हाऊन गेलोय!"

"लायनीतच हाईसा अजून," सुभेदार म्हणाले. "आत कुटं गेलाय?"

अण्णांनी पेपरची घडी घातली, कारण ते खरंच होतं. जिनेशच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब होती, की तो रिटायर होईतो नंबर लागला तरी पेढे वाटायचे. दिवाळीत त्याच्या कंपनीनं चाळीस जण घरी बसवले होते. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. अण्णा काही पैशाच्या हावेनं बोलत नव्हते. आपल्याला नाही, पोरालाही नाही, निदान नातवंडाला तरी ‘चला निघा’ असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

सव्वीस जानेवारीला रविवार होता. सुंदरी सकाळच्या एसटीनं आष्ट्याला व्याह्यांकडं आली. शाळेची पोरं घोषणा देत रस्त्यावरून चालली होती, उसाचे ट्रॅक्टर त्यांच्यासाठी कडेला थांबले होते. विहीण त्रिशलाबाईंनी झेंडावंदनाची जिलबी ताटलीत वाढली. अण्णांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला, आणि पडद्यावर जिनेश आणि ब्राह्मी आले. तिकडं शनिवारची रात्र होती. ब्राह्मीचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, रडून की जागून ते कळत नव्हतं.

"कोर्टानं हुकूम थांबवलाय ना?" सुंदरीनं विचारलं.

"फक्त चौदा दिवसांसाठी, आई," जिनेश म्हणाला. "पुढचं कुणाला माहीत? वकीलसुद्धा छातीठोक सांगत नाही. म्हणून आम्ही विचार केला, की ते तीस दिवस संपायच्या आत, सतरा फेब्रुवारीच्या आसपास सिझेरियन झालं तर प्रश्नच मिटला."

"कोण डॉक्टर करेल? कारण नसताना?"

जिनेशनं ब्राह्मीकडं पाहिलं. गप्प बसणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. "आवं, तेच तर इचारायचं हाय तुमाला. तुमी सिस्टर. तिनं जाऊन काय सांगितलं म्हंजी डॉक्टर थांबत न्हाई, लगोलग पोट उघडतोय? डोकं दुकतंय म्हनायचं, का पोर हालत न्हाई म्हनायचं? तुमाला समदं म्हाईत."

सुंदरीनं हातातली जिलबी ताटलीत ठेवली. माहीत होतं. तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला माहीत असणार!

"सतरा तारखेला पस्तीस आठवडे होतात, अण्णा," ती म्हणाली. "पाच आठवडे कमी."

"नववा लागलेला असतोय की! नवव्यात पोरं हुत्यातच."

"लागला म्हणजे भरला नव्हे. तुम्ही लागलेला महिना मोजता, मी भरलेला मोजते. बत्तीस वर्षं हेच सांगून माझा घसा बसला. त्या शेवटच्या दिवसांत फुप्फुसं पिकतात."

"आई, इथं पस्तीस आठवड्यांची मुलं छान वाढतात," जिनेश समजुतीनं म्हणाला. "इथल्या सोयी वेगळ्या आहेत."

मग इतका वेळ न बोललेली ब्राह्मी बोलली. "आणि पेटीत ठेवलं तर ठेवलं. मीही होते ना अकरा दिवस काचेच्या पेटीत, कावीळ झाली म्हणून? काय झालं मला?"

त्रिशलाबाईंनी मान डोलावली. ब्राह्मीच्या जन्माची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. अक्षय तृतीयेची मुलगी! भगवान आदिनाथांनी वर्षभराचा उपवास उसाच्या रसानं सोडला तो हा दिवस, म्हणून त्यांच्याच लेकीचं नाव तिला ठेवलेलं. स्थळ आलं तेव्हा अण्णांनी पत्रिका उघडूनही पाहिली नव्हती. "उसाच्या रानात अक्षय तृतीयेची सून यायला लागली, आजून काय पायजे?" असं ते अख्ख्या आष्ट्याला सांगत सुटले होते.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सुंदरीच्या मनात ही म्हण गेली अठ्ठावीस वर्षं मुक्कामाला होती. आज गप्प बसलं तर अब्रू शाबूत राहणार होती, आणि तीन आठवड्यांनी पोरीच्या बाळाला श्वासासाठी झगडावं लागणार होतं. बोललं तर पोरगी दुरावणार होती. तिला भीती वाटली.

"तुला कावीळ झाली नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझ्याआधी माझी दोन गेली, ब्राह्मी. दोन्ही पोटातच. तुझी आज्जी म्हणाली, पारण्याच्या दिवशी जन्मलेलं मूल जगेल. मी नर्स होते, मला हे पटायला नको होतं. पण मी तेव्हा नर्स नव्हते, नुसती घाबरलेली बाई होते. पंचवीस मे ही तुझी तारीख. अक्षय तृतीया त्या वर्षी वीस एप्रिलला आली. मी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना पाळीची तारीख पाच आठवडे अलीकडची सांगितली होती."

बाहेर ट्रॅक्टरवर टेप वाजत होता.

"सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, बाळ लहान दिसतंय. मी म्हटलं, आमच्याकडं मुली लहानच असतात. त्या दिवशी सकाळी कळा येतात म्हणून खोटंच विव्हळले, बाळाचे ठोके मंद लागतात असंही मीच म्हणाले. वॉर्डातली माझीच मैत्रीण ड्यूटीवर होती, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. डॉक्टरांनीही ठेवला. काय बोललं की डॉक्टर थांबत नाहीत, ते मला माहीत आहे, अण्णा. म्हणूनच सांगणार नाही."

"पेटीत मी…" ब्राह्मी म्हणाली.

"तुला श्वास घेता येत नव्हता. अकरा दिवस मी पेटीच्या काचेला हात लावून बसले. तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही."

"आणि माझा दमा? हळदीच्या पेठेतून जाताना तू माझ्या नाकावर रुमाल धरायचीस. हळदीची धूळ सोसत नाही म्हणायचीस. शाळेत सगळ्या लेझीम खेळायच्या आणि मी कडेला दप्तरं राखायचे. ते हळदीमुळं नव्हतं?"

"खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, बाळा. पण मला तरी हळदीचं नाव घ्यायचा हक्क नव्हता."

ब्राह्मी पुढं झुकली. मग पडद्यावर तिचा पंजा मोठा झाला आणि फोन बंद झाला.

त्रिशलाबाई ताटल्या उचलून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग सुंदरीला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. मिरजेची गाडी लागली तेव्हा ते म्हणाले, "पस्तीस म्हंजी लय कच्चं व्हय, सिस्टर?"

"तुमचा बारा महिन्यांचा ऊस तुम्ही दहाव्यात तोडता का?"

"साखरेचा उतारा पडत न्हाई," अण्णा म्हणाले. "पन कारखाना बंद पडायची भीती आसली, की मानूस कच्चाबी तोडतोय."

त्यांचं हे म्हणणंही खोटं नव्हतं. सुंदरीला त्यांचा राग आला नाही. तिनंही भीतीपोटीच तोडला होता.

त्यानंतर ब्राह्मीचा फोन आला नाही. सुंदरीनं दोनदा केला, वाजून वाजून थांबला. फेब्रुवारीची सतरा तारीख आली, त्या दिवशी ती फोन हातातून खाली ठेवेना. संध्याकाळी जिनेशचा एका ओळीचा निरोप आला: ‘आम्ही दवाखान्यात गेलो नाही. दिवस भरू देतोय.’ तिनं तो चारदा वाचला आणि मग उशिरानं जेवली. तोवर तिकडं आणखी कोर्टांनी हुकूम अडवला होता, पण तो कायमचा अडला असं कुणी म्हणत नव्हतं. पोरांनी वाट बघायचं ठरवलं ते कोर्टाच्या भरवशावर नव्हे, एवढं तिला कळलं.

बावीस मार्चला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम, आणि जन्मताच असं रडली की म्हणे शेजारच्या खोलीतल्या बाईनं तक्रार केली. हे सगळं जिनेशनं सांगितलं. फोटोही त्यानंच पाठवले. "ब्राह्मी कशी आहे?" असं विचारलं की तो म्हणे, "बरी आहे, आई. वेळ द्या तिला." अण्णांनी आष्ट्यात जिलबी वाटली. हुकूम कोर्टात लटकलेला असेतो नात तिकडची, पुढचं पुढं, असं ते आता गल्ल्यावर बसून सांगत, आणि रोज सकाळी पेपर मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. सुभेदार त्यांना डिवचायचे, "काय अण्णा, नात कुनाची?" अण्णा म्हणायचे, "रडाय लागली की आमचीच."

तीस एप्रिलला अक्षय तृतीया आली. ब्राह्मीचा वाढदिवस घरात तिथीनं होई, आणि लग्नानंतरही दर वर्षी त्या दिवशी पहाटे तिचाच पहिला फोन यायचा. सुंदरी बसदीत जाऊन आदिनाथांचं दर्शन घेऊन आली, ओंजळभर उसाचा रस घेतला, घरी येऊन फोनसमोर बसली. आपण करावा का? करून म्हणायचं काय? जी तारीख आपणच चोरून आणली, तिच्या शुभेच्छा कुठल्या तोंडानं द्यायच्या? दिवस गेला. फोन वाजला तो एका बँकेचा होता, कर्ज हवं का म्हणून. तिनं त्या पोरीला उगाचच झापलं.

मे महिना संपत आला. एका रविवारी सकाळी सुंदरी गॅलरीत डिंकाच्या डब्याला ऊन दाखवत बसली होती. फोन वाजला. पडद्यावर ब्राह्मी होती. विस्कटलेले केस, खांद्यावर दुपटं, आणि मांडीवर मुठी आवळून झोपलेली पोर. तिचं पोट सावकाश वर-खाली होत होतं, कुठं अडत नव्हतं, घरघरत नव्हतं. सुंदरी आधी तेवढंच बघत बसली. बत्तीस वर्षांची सवय.

"छान घेते ना श्वास?" ब्राह्मी म्हणाली.

"छान घेते."

"रात्र-रात्र ऐकत बसते मी. परवा वाटलं, तूही अशीच ऐकत बसली असशील. अकरा दिवस." तिनं पोरीचं दुपटं सारखं केलं. "मी अजून चिडलेली आहे, आई."

"चीड. तुझा हक्क आहे."

"पण आज काय तारीख आहे, ते बघ ना."

सुंदरीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. रविवार, पंचवीस मे.

"अठ्ठावीस वर्षं चुकलाय माझा वाढदिवस," ब्राह्मी म्हणाली. "या वर्षी तरी वेळेवर कर."

सुंदरीला हुंदका आवरेना, तिनं आवरलाही नाही. तशीच उठली, फोन देव्हाऱ्यापाशी तांब्याला टेकवून उभा केला, निरांजन लावलं, आणि आधी लेकीला, मग नातीला ओवाळलं.