साहेब काय म्हणाले

बेसिनच्या कारखान्यात ताईचं काम कानाचं होतं. भट्टीतून निघालेलं एकेक बेसिन लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत कुठेतरी बारीक चीर आहे, बाजूला काढा. बरीच वर्षं तिनं हेच केलं आणि तिच्या कानाबद्दल कारखान्यात कुणी कधी ब्र काढला नाही.

मग कारखाना परदेशातल्या एका कंपनीनं विकत घेतला. दर सोमवारी तिकडच्या मोठ्या साहेबांबरोबर कॉम्प्युटरवर मीटिंग सुरू झाली, आणि पंचाईत झाली ती मॅनेजरची. इंग्रजी वाचायला गडी वाघ, पण बोलायची वेळ आली की हमखास घसा बसायचा. कधी पाणी हवं व्हायचं, कधी महत्त्वाचा फोन यायचा. शेवटी त्यानं ताईला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तुम्ही पदवीधर आहात. आणि लाजत नाही. सोमवारची मीटिंग तुम्ही सांभाळा. त्यांचं आपल्या लोकांना सांगायचं, आपल्या लोकांचं त्यांना."

"मला कॉलेज सोडून जमाना झाला साहेब."

"मला शाळा सोडून त्याहून जास्त," मॅनेजर म्हणाला. विषय संपला.

घरी लेकीनं शिकवणी घेतली. ताई पोळ्या लाटायची आणि लेक ओट्याला टेकून ऑफिसातले शब्द विचारायची.

"फॉलो-अप म्हणजे?"

"तुझ्या बाबांना पंखा दुरुस्त करायला सांगणं. रोज."

"पेंडिंग?"

"तो पंखा."

"आणि अर्जंट?"

"तुझ्या आजीचा चहा."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "मला ऐकू येतं हं." पण ही पद्धत ताईला मानवली. शिपमेंट, डिले, अप्रूव्हल, टर्मिनेशन असे शब्द तिनं दोन-तीन महिन्यांत घोटून पाठ केले. सोमवारी ती साहेबांशी बोलायची तेव्हा व्याकरणाची थोडी मोडतोड व्हायची, पण काम अडायचं नाही. साहेब पांढऱ्या केसांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याचा कुत्रा मागे भुंकायला लागला की तो आधी ताईची माफी मागायचा आणि मग कुत्र्याला दटावायचा. तिला तो आवडायला लागला होता.

अशातच पैलवानाच्या हातून ते झालं.

पैलवान म्हणजे फोर्कलिफ्ट चालवणारा. अंगानं काडी, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणूनच पोरांनी त्याचं नाव पैलवान ठेवलेलं. माल चढवायच्या धक्क्यापाशी वळताना त्याची गाडी खांबावर गेली आणि निर्यातीच्या बेसिनांची अख्खी थप्पी खाली आली. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण बेसिनांचा चुरा झाला, आणि ती जहाजात जायची होती.

सोमवारी मॅनेजर बंदरावर गेला होता, त्याच मालावरून जहाजवाल्यांची समजूत काढायला. मीटिंगला ताई एकटीच बसली. साहेबांनी आधी विचारलं की कुणी जखमी झालं का. नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. मग काय झालं ते विचारलं. ताईनं तिला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. गाडी खांबावर गेली, माल पडला. साहेबांनी ते कागदावर लिहून घेतलं. चेहरा पडलेला होता.

"आय ॲम अफ्रेड," ते हळूच म्हणाले, "वुई विल हॅव टू लेट हिम गो."

साहेब कशाला घाबरले हे ताईला कळेना. पण पुढचं लख्ख कळलं. लेट म्हणजे दे. गो म्हणजे जा. जाऊ दे त्याला. कामावरून काढायचं असतं तर साहेब टर्मिनेट म्हणाले असते, डिसमिस म्हणाले असते. ते दोन्ही शब्द तिला येत होते. आणि ज्या मायेनं ते बोलले, त्या आवाजात कुणी कुणाची नोकरी खात नाही.

"थँक यू सर," ताई मनापासून म्हणाली. "यू आर व्हेरी काइंड."

साहेब जरा गोंधळल्यासारखे दिसले, पण मान हलवून त्यांनी मीटिंग संपवली.

ताई तडक धक्क्यावर गेली. पैलवान एका खोक्यावर बसला होता. तोंडावर रया नव्हती.

"पैलवान, ऊठ. साहेब म्हणाले, जाऊ दे."

"खरंच ताई?"

"माझ्या कानांनी ऐकलं. पुढच्या वेळी जपून चालव म्हणजे झालं."

पैलवानानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथल्या तिथे ढसाढसा रडला. पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. एकानं तर ताईसाठीच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं तिला बोलावलं. "मुख्य ऑफिसचा मेल आलाय. हे पत्र टाइप करून द्या."

ताईनं मेल वाचला. पैलवानाला कामावरून कमी केल्याचं पत्र द्यायचं होतं. इथे टर्मिनेशन हा शब्द होता, चांगला ठळक.

"पण साहेब काल म्हणाले की लेट हिम गो. म्हणजे जाऊ दे. माफ केलं."

मॅनेजरनं डोक्याला हात लावला. "अहो ताई, लेट गो म्हणजे काढून टाकणं. सभ्य भाषेत."

ताई खुर्चीत बसली. "मग सरळ सांगायला काय धाड भरली होती?"

"त्यांना वाईट वाटतं."

"मी पैलवानाला सांगून बसले. त्यानं घरी सांगितलं असेल."

पत्र शिपायाच्या हाती पाठवू, असं मॅनेजरनं सुचवलं. ताई नको म्हणाली आणि स्वतः गेली.

तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. मला शब्द कळला नाही, मी उलटं सांगितलं, ते तुला काढताहेत. पैलवान आधी हसला. थट्टा वाटली त्याला. मग त्याचा चेहरा बदलला.

"काल मी बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं. आज काय सांगू, ताईंचं इंग्रजी कच्चं होतं?"

"चूक माझीच आहे."

"तुमची चूक झाली तर तुम्ही 'चूक झाली' म्हणता आणि सुटता. माझी झाली तर मी घरी." तो उठून उभा राहिला. "दुसऱ्या ड्रायव्हरची कंबर धरल्यापासून दोन्ही पाळ्या मी ओढतोय. दिवसाची पण आणि रात्रीची पण. वळताना डोळा लागला माझा. झोपलो मी, ताई, गाडी चालवता चालवता."

"हे कुणाला सांगितलंस का?"

"कुणी विचारलं का?"

ताईला आठवलं. साहेबांनी काय झालं ते विचारलं होतं. तिनं खांबाचं सांगितलं आणि मालाचं सांगितलं. माणसाला विचारून यावं हे तिला सुचलं नाही, मॅनेजरला सुचलं नाही, साहेबांनाही नाही.

ती केबिनमध्ये परत गेली. "पत्र द्यायच्या आधी साहेबांशी बोलायचंय. पैलवानासकट."

मॅनेजरची चुळबुळ सुरू झाली. दोन पाळ्यांचा हुकूम त्याचाच होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. "ताई, यात पडू नका. तुमचं काम निरोप पोचवायचं."

"तेच काम म्हणते मी. त्याचं म्हणणं अजून पोचलंच नाही."

मॅनेजरनं खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःच साहेबांना कॉम्प्युटरवर फोन लावला.

तिघे कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीनं बसले. पैलवान खुर्चीच्या कडेवर, उठून पळायच्या तयारीत. ताईनं आधी आपलं सांगितलं. तिला लेट गो म्हणजे क्षमा वाटली, आणि तिनं तसंच सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"म्हणून तुम्ही मला काइंड म्हणालात," ते इंग्रजीत म्हणाले.

"येस सर."

मग पैलवान बोलला आणि ताईनं वाक्यामागून वाक्य सांगितलं. जिथे शब्द अडला तिथे आहे त्यात भागवलं. डोळा लागला याला तिला काही सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "हिज आइज क्लोज्ड, सर. बाय देमसेल्व्ज." साहेबांना कळलं. त्यांनी मॅनेजरकडे बघून विचारलं, हे खरं आहे का?

ताईला वाटलं, आता याचा घसा बसणार. मॅनेजरनं पाण्याच्या ग्लासाकडे हातही नेला. पण पाणी न पिताच तो म्हणाला, "येस सर. आय टोल्ड हिम. टू शिफ्ट्स."

साहेबांनी मान हलवली. "लीव्ह इट विथ मी."

मॅनेजरनं श्वास सोडला. पैलवान ताईकडे बघायला लागला. लीव्ह म्हणजे सुट्टी, लीव्ह म्हणजे सोडणं. ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण तिनं हात वर केला.

"सर, सॉरी. लीव्ह व्हॉट? आय डोंट अंडरस्टँड. प्लीज टेल सिंपल."

साहेब क्षणभर थांबले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, की मी विचार करीन. गुरुवारी सांगीन. तोपर्यंत पत्र द्यायचं नाही. ताईनं ते परत त्यांनाच म्हणून दाखवलं, त्यांनी हो म्हटलं, तेव्हा कुठे ती पैलवानाकडे वळली.

गुरुवारी निकाल आला. पैलवानाची नोकरी राहिली. पण नव्यानं प्रशिक्षण होईपर्यंत फोर्कलिफ्ट बंद, तोवर पॅकिंगमध्ये काम. बदली ड्रायव्हर घ्यायचा. मॅनेजरला लेखी समज मिळाली. ताईला साहेबांनी फक्त एवढंच सांगितलं की समजलं नाही तर तिथेच विचारत जा. ती विचारायला लागली, इतकी की सोमवारच्या मीटिंगा लांबल्या आणि मॅनेजर घड्याळ बघायला लागला.

पैलवान काही खुलला नाही. बेसिनांना पेंढा आणि थर्माकोल लावत तो दिवसभर घुम्यासारखा बसायचा. ताई समोरून गेली तर खोक्यात डोकं घालायचा. तिनंही त्याला गोड बोलून वळवायचा प्रयत्न केला नाही. राग धरायचा त्याला हक्क होता, असं तिनं लेकीला सांगितलं.

प्रशिक्षण झालं, गाडी परत मिळाली. एके दिवशी दुपारी ताई तपासलेल्या मालाची थप्पी दाखवायला धक्क्यावर गेली. पैलवानानं काटे खाली घातले, थप्पी उचलली आणि इंजिन चालू ठेवूनच म्हणाला,

"तुम्ही 'जाऊ दे' सांगितलंत ना, त्या सोमवारी मी जेवून जो आडवा झालो, तो सकाळीच उठलो. कितीतरी दिवसांनी तशी झोप लागली."

"बरं झालं," ती म्हणाली.

"बरं कसलं," पैलवान म्हणाला. "सरका मागे, गाडी वळवायचीय."

ताई मागे सरकली. त्यानं दोन्हीकडे मान फिरवून बघितलं आणि गाडी हळूच खांबाला वळसा घालून नेली.