हिरव्या तीर्थाचा गुण

मंगळवार पेठेतील त्या बोळात सकाळी सातपासून तांबे घेऊन माणसे रांगेत उभी राहत. पर्णानंद महाराज प्रत्येकाला हिरवे तीर्थ ओतून देत आणि गर्जत, "वनदेवीनं झाडाचं रगात धाडलंय! सांडणारं रगात आता आतच थांबंल!"

ते खरोखरच थांबत होते, हीच माझी अडचण होती.

शेजारच्या धोंडुबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या रोज वॉरफरिनची गोळी घेत. त्यामुळे कधी हिरड्यांतून रक्त येई, हातावर काळेनिळे डाग पडत. तीर्थ सुरू केल्यावर पंधरा दिवसांत दोन्ही बंद झाले.

"मास्तर, आता तरी माना की!" त्यांचा मुलगा कृष्णात म्हणाला. "गोळी बी सोडलेली न्हाय."

मी महाराजांच्या परसात डोकावलो. पालक-मेथीच्या देठांचा ढीग होता आणि शेजारी मिक्सर. वनदेवी मंडईतून येत होती.

धोंडुबाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टर अदिती हे ऐकून दचकल्या. "ही गोळी के जीवनसत्त्वाचं काम अडवते, म्हणून रक्त लवकर गोठत नाही. पालेभाज्यांत तेच जीवनसत्त्व भरपूर. रोजची वाटीभर भाजी धरूनच डोस ठरवलेला असतो. तांब्याभर रसापुढे गोळी हरते. आजच रक्त तपासा."

रक्त किती उशिरा गोठते हे सांगणारा आकडा किमान अडीच हवा होता. तो सव्वा आला. तो अहवाल मी रांगेसमोर वाचला. महाराजांनी तो माझ्या हातून ओढून उंच धरला.

"डॉक्टरचाच कागद बोलतोय! रगात घट्ट झालं, ताकद आली!"

टाळ्या पडल्या. माझा पुरावा त्यांचा झाला.

"डॉक्टरांनी आजच दाखल व्हायला सांगितलंय," मी रांगेतल्या धोंडुबाईंना विनवले.

"बऱ्या झालेल्या माणसाला सुया कशापायी?" धोंडुबाई फणकारल्या. "लोकांचं चांगलं झालं की तुमच्या पोटात दुखतंय, मास्तर!"

चौथ्या दिवशी चहा पिताना त्यांच्या हातून कप निसटला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत पोहोचली होती.

इस्पितळाच्या पायरीवर कृष्णात म्हणाला, "पण रगात तर थांबलं हुतं की, मास्तर."

"थांबलं होतं. म्हणूनच."

बोळातील रांग दुसऱ्या दिवशीही तेवढीच होती. कोणाची श्रद्धा कमी पडली, एवढीच तिथे चर्चा होती.

पालक निर्दोष आहे, गोळीही निर्दोष आहे. गुण दिसताच कारण विचारणे सोडून देणारी बुद्धी मात्र निर्दोष नाही. औषध चालू असताना कोणतेही तीर्थ, काढा वा रस घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. ज्यांची वाचा शाबूत आहे, त्यांनी तरी विचारावे.