पट्टीखालचं नाव

ताईचं डोकं फिरलं ते सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास. त्याआधी तीस वर्षं ते जागेवर होतं, आणि खरं आश्चर्य तेच आहे.

तीन खोल्यांचं गिटारीचं दुकान. पुढच्या खोलीत तयार गिटारी टांगलेल्या आणि त्यांच्याखाली धाकटा, म्हणजे ताईचा भाऊ, गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलत बसलेला. मधल्या खोलीत लाकूड वाकवायचं, चिकटवायचं, पॉलिश करायचं. आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी, ताई. तिचं काम एकच. गिटारीच्या पोटावर जे गोल भोक असतं, त्याच्याभोवती नक्षीचं कडं बसवायचं. बाहेर त्याला रोझेट म्हणतात. तिचे वडील, अप्पा, कडं म्हणायचे, म्हणून घरात ते कडंच.

ते रंगवत नाहीत बरं का. चार रंगांच्या लाकडाच्या पातळ फिती ठरलेल्या क्रमानं चिकटवून कांडी करायची, मग त्या कांडीचे काकडीच्या चकत्यांसारखे काप काढायचे, म्हणजे प्रत्येक कापात तीच नक्षी येते. असे शंभरावर काप गिटारीच्या पोटाच्या फळीत कोरलेल्या गोल खाचेत एकाशेजारी एक बसवायचे. एक फीत मागेपुढे झाली की अख्खी कांडी फुकट. ताईच्या कड्यात पायऱ्या होत्या, पांढऱ्यातून तपकिरीत आणि तपकिरीतून हिरव्यात चढत जाणाऱ्या. एकोणिसाव्या वर्षी चौकटीच्या वहीत तिनं त्या आखल्या, आणि तेव्हापासून त्या दुकानाची गिटार लोक लांबून ओळखायला लागले. ‘अप्पांचं कडं’ म्हणायचे लोक. अप्पा काही कुणाला सुधारत बसायचे नाहीत.

आता ते पहिलं कडं तिनं चुकवलं होतं, हेही सांगायला पाहिजे. कडं पूर्ण गोल नसतं. गिटारीच्या मानेवर जी काळी पट्टी असते, जिच्यावर बोटं दाबतात, ती खाली उतरून भोकापर्यंत येते आणि कड्याचा थोडा भाग झाकून टाकते. झाकलाच जाणार तर तिथं काप कशाला घालवा, म्हणून तेवढी दोन बोटं जागा कोरी सोडतात. ताईनं उजेडासाठी फळी खिडकीकडे फिरवली, तशीच खाच कोरली, आणि कोरी जागा आली उलट्या बाजूला, तारांच्या बरोबर खाली, उघड्यावर. शिकाऊ माणूस ही चूक एकदा करतोच. अप्पांनी फळी गुडघ्यावर मोडली आणि चिकटवायचा सरस तापवायच्या शेगडीत घातली.

“तुटलेली जागा दिसली म्हणजे करणारा दिसला,” ते म्हणाले. “लोकांना गिटार बघायची असते. करणारा नाही.”

दुसरं कडं मात्र असं बसलं की अप्पा नुसते बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं, “पट्टी चिकटवायच्या आधी त्या कोऱ्या जागेत मी पेन्सिलीनं तुझं नाव लिहिणार. प्रत्येक गिटारीत. जगाला दिसलं नाही, तरी असेल तिथं.”

झालं, पोरगी हुरळली. लग्न होऊन गेली तीही दोन गल्ल्या पलीकडे, आणि आठवड्याच्या आत सकाळी नऊला बाकावर हजर. चष्मा लागला, बोटांची पेरं सुजायला लागली, तरी ‘अप्पांचं कडं’ ऐकून तिनं कधी तोंड उघडलं नाही. मनात म्हणायची, म्हणा काय म्हणायचं ते, नाव कुठं आहे ते मला ठाऊक आहे. पट्टी चिकटवायचं काम अप्पांचं, ते वारल्यावर धाकट्याचं. “मीपण लिहितो गं तुझं नाव,” तो म्हणायचा. तिनं कधी वाकून बघितलं नाही. भावावर काय पाळत ठेवायची?

आणि आता एका मोठ्या कारखान्याला ती नक्षी हवी होती. पातळ कागदावर छापून हजारो स्वस्त गिटारींवर चिकटवणार होते. कारखान्याचे साहेब गुरुवारी येणार, ताज्या फळीवरचं कडं डोळ्यांनी बघणार आणि करार होणार. करारात लिहिलं होतं की ही नक्षी वडिलांची आणि वारशानं मुलाकडे आलेली. ताईनं तो कागद दोनदा वाचला. तिला नक्षी विकायचीच नव्हती असं नाही. पैशांबद्दलही ती बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, “यात एक ओळ घाल. नक्षी मी आखली, एवढीच.”

“अगं ताई, कागद वकिलाकडून झालाय,” धाकटा म्हणाला. “आता कुठं बदलत बसू? आणि पट्टीखाली तुझं नाव आहेच की. अप्पांनी स्वतः लिहिलेलं. त्याच्यापुढं या कागदाची काय किंमत?”

असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार? ती बाकाकडे परतली. गप्प बसायची सवयच लागली होती मेली.

तर सोमवारी संगीताचे मास्तर आले. त्यांची गिटार जुनी, ताईच्या हातच्या त्या दुसऱ्या कड्याची, म्हणजे पहिल्या बरोबर आलेल्या कड्याची. मान वाकली होती. पट्टी काढून मान सरळ करायला हवी होती आणि मास्तरांना गुरुवारी संध्याकाळी पाचला ती परत हवी होती. दुरुस्ती धाकट्याचं काम. पण तो कागदावर शिक्के मारायला गेलेला. ताई म्हणाली, ठेवा, मी करते.

खरं सांगायचं तर तिला आतून आनंद झाला होता. तीस वर्षांनी स्वतःचं नाव बघायला मिळणार होतं. तिनं पट्टीवर गरम इस्त्री ठेवली, सरस मऊ होईपर्यंत थांबली, आणि पातळ सुरी हळूहळू आत सरकवत गेली. जुना सरस कुरकुरला. शेवटी पट्टी सुटून हातात आली. ताईनं चष्मा पुसला आणि वाकली.

अक्षर अप्पांचंच होतं. त्यांची ती लांब, खाली ओढलेली वेलांटी, खाली त्या दिवसाची तारीख. आणि नाव धाकट्याचं. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्या तारखेला धाकटा नऊ वर्षांचा होता. करवत कुठल्या टोकाला धरायची हे त्याला माहीत नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती ताईला तेव्हा कळली. ती रडली नाही. सुरी पुसून जागेवर ठेवली, इस्त्रीची वायर काढली, आणि स्टुलावर बसून राहिली. मेलेल्या माणसावर रागवायचं तर रागवायचं कसं? भांडायला समोर नाही, उत्तर द्यायला नाही. तिला एवढंच वाटत होतं की अप्पा एकदा, फक्त एकदा त्या दारातून आत यावेत, आणि तिनं त्यांना विचारावं की मी तुमचं काय वाकडं केलं होतं.

दुपारी धाकटा शीळ घालत आला. बाकावरची उघडी गिटार बघितली आणि शीळ बंद झाली. तेवढ्यानंच ताईला सगळं समजलं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“ताई, बस जरा. चहा सांगू?”

“आजवर किती पट्ट्या उघडल्यास?”

तो खाली बघत राहिला. “सहा-सात असतील.”

“सगळीकडे हेच?”

“अप्पांच्या गिटारींत हेच.”

“आणि तुझ्या?”

“मी काहीच लिहीत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.” मग, माणसं अडचणीत आली की करतात तशी, त्यानं शहाणपणाची गोष्ट सांगायला घेतली. “लहानपणी अप्पांना लिहिताना बघितलं, तेव्हाच विचारलं होतं मी. ते म्हणाले, ती लग्न करून जाईल, तिचं आडनाव बदलेल, मग त्या नावाचं काय करायचं? दुकान तुझ्या नावावर राहणार. पण ताई, तुझ्यावर खूप माया होती गं त्यांची. तुला बरं वाटावं म्हणून बोलले असतील.”

तुला बरं वाटावं म्हणून. म्हणजे रडणाऱ्या पोराच्या हातात बिस्कीट द्यावं तसं तीस वर्षं तिच्या तोंडाला पानं पुसली, बापानं पुसली आणि भावानं पुसली, आणि वर मायेचं नाव.

“कागदात ओळ घालतोस?” तिनं शेवटचं विचारलं.

“आता शिक्के झाले, ताई.”

“बरं,” ती म्हणाली. आणि धाकट्याला वाटलं, निभावलं.

तीन दिवस ताई मागच्या खोलीतच राबली. दार लावून घेतलं. कडं घासून होईपर्यंत ती कुणाला दाखवत नसे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी डोकावलंही नाही. करारासाठीची फळी तिनं बाकावर बांधली, उत्तम फळी, सरळ रेषांची, बोटानं टिचकी मारली तर घणघणणारी. मग दोऱ्या सोडल्या, फळी खिडकीकडे फिरवली आणि पुन्हा बांधली. या वेळी चुकून नाही. कर्कटकानं गोल आखला. खाच कोरली. एकेक काप सरसात बुडवून बसवला, पायरीला पायरी लावत. खालच्या बाजूला दोन बोटं जागा सोडली, तीही अक्रोडाच्या काळपट तुकड्यानं भरली, आणि त्या तुकड्यात शिंपल्याची तीन अक्षरं बसवली. वरची रेघ कड्याच्या वळणाप्रमाणं वाकवलेली आणि तिला लटकलेलं तिचं नाव. आडनाव नाही, बापाचं नाही, नवऱ्याचं नाही. अक्षरं कापताना दोनदा करवतीचं पातं तुटलं आणि दोन्ही वेळा तिनं अप्पांना शिव्या दिल्या, मोठ्यानं, मन मोकळं करून.

गुरुवारी तीनला साहेब आले. धाकट्यानं खुर्ची पुसली, कागद मांडला, पेन टोपण काढून ठेवलं. “ताई, आण गं फळी,” त्यानं हाक मारली.

तिनं फळी आणली आणि फडकं काढलं.

साहेब आधी खूश झाले. मग वाकले, मग त्यांनी फळी उजेडाकडे धरली. शिंपला चमकला. “हे काय लिहिलंय?”

“माझं नाव,” ताई म्हणाली. “ही नक्षी माझी आहे. एकोणिसाव्या वर्षी आखली, ती वही आत आहे. कुठली फीत कितव्या जागी बसते ते आत्ता तोंडपाठ सांगते. मग यालाही विचारा.”

साहेबांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं फळीकडे बघितलं. पांढऱ्यानंतर तपकिरी किती आणि हिरवी कुठून, हे त्याला कुठून येणार? त्यानं बोटानं शिंपला चाचपला. मग हळूच म्हणाला, “ताई, हे निघेल ना?”

“निघेल की. फळी अडीच मिलिमीटरची आहे. अक्षरं दोन मिलिमीटर खोल गेलीत. काढून बघ.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घालून बॅगेत ठेवला आणि ताईला म्हणाले, “बाई, नवा कागद करून आणतो. तुमच्याशी बोलावं लागेल.” ती ‘या’ म्हणाली नाही, ‘नको’ही म्हणाली नाही. मग ते गेले.

“अब्रू घालवलीस,” धाकटा म्हणाला. “अप्पा असते तर...”

“अप्पा असते तर ही फळीपण शेगडीत गेली असती. माहिती आहे मला.”

ती मागच्या खोलीत गेली आणि मास्तरांची गिटार घेऊन आली. मान सरळ झाली होती, पट्टी मात्र अजून बाजूलाच होती. कोऱ्या जागेतलं पेन्सिलीचं नाव तसंच, कालच लिहिल्यासारखं. तिनं गिटार त्याच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी खरवडायचं पातं.

“खोड,” ती म्हणाली. “तुझं नाव आहे, तूच खोड. मग मी माझं लिहिते आणि पट्टी चिकटवते. मास्तर पाचला येतात.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती हलली नाही. शेवटी त्यानं पातं उचललं आणि चुकीच्या हातानं धरलं.

“लाकडाच्या रेषेच्या दिशेनं,” ताई म्हणाली. “माझं कडं आहे शेजारी. त्याला लागलं तर बघ.”